पळसाचा खांब

"हे असं कोणी केलं?" मुग्धा मॅडम कठड्यावर चढून खांबाच्या माथ्यावरून बोट फिरवत होत्या. "मुकादम, मी तुम्हाला विचारतेय. पानांना देवी आल्यासारखं दिसतंय!"

मुकादम आनंदराव खाली उभे होते. त्यांनी डोक्यावरचा दुपट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. "मॅडम, तो राजस्थानचा कारागीर बहिणीच्या लग्नाले गेला ना. तं मंग काम थांबू नये म्हून..."

"म्हणून कोणाला दिलंत?"

आनंदरावांनी नुसतं व्हरांड्याच्या टोकाकडे पाहिलं. तिथे माझी आई बादलीत फडकं पिळत होती. मी पत्रिकेचा नमुना घेऊन मॅडमच्या मागे उभी होते. तो बघून त्यांनी होकार दिला, की छापायला टाकायचा होता.

"मी केलं," आई म्हणाली. "काहून? पानं चुकली का?"

पानं चुकली नव्हती. पळसाची तीन-तीन पानं, देठाशी जुळलेली, चौफेर फिरलेली, अगदी कागदावर काढून दिली होती तशीच होती. चुकलं होतं ते पुढचं. पानं कोरून झाल्यावर आईने प्रत्येक पानावर टाकीचे, म्हणजे छिन्नीचे, बारीक ठिपके मारले होते, जवळजवळ, ओळीने, जसे पाट्यावर मारतात तसे.

मी या कॉलेजच्या ऑफिसात कंत्राटी कारकून आहे. इथे व्हरांड्याचे दगड घासायला आणि धुवायला ज्या बाया लावल्या होत्या त्यांतली रुखमाबाई ही माझी आई, हे आनंदरावांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. लपवायचं काही नव्हतं, सांगायची वेळच आली नव्हती.

आमचं कॉलेज इंग्रजांच्या काळातलं. कामठीकडच्या पिवळट दगडाचं, टोकदार कमानींचं, रंगीत काचांचं. पश्चिमेच्या व्हरांड्यात कठड्यावर बुटके खांब आहेत आणि त्यांचे माथे साधारण माणसाच्या डोक्याच्या उंचीवर येतात. एकासारखा दुसरा नाही. एकावर सीताफळं आहेत, एकावर पोपट, एकावर नुसती वेल. आमचे प्राचार्य कृष्णकांत सर कोणीही पाहुणा आला की त्याला तिथे उभं करतात आणि सांगतात, "ज्या साहेबाने हे बांधलं त्याने कारागिरांना मोकळीक दिली होती बरं का! तुला जे दिसतं ते कोर, म्हणाला." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

गेल्या पावसाळ्यात व्हरांड्यावर झाड पडलं आणि पळसाचा खांब फुटला. एका दात्याने पैसे दिले, मुग्धा मॅडम सल्लागार म्हणून आल्या आणि नवा दगड बसला. त्यावर पळस पुन्हा कोरायचा होता. मोकळीक वगैरे काही नाही, मंजूर झालेल्या ड्रॉइंगप्रमाणे.

"मावशी," मॅडम कठड्यावरून उतरल्या. मावशी म्हटलं की यांना वाटतं, मान देऊन झाला. "मावशी, पान छान जमलंय. पण हे खड्डे कशाला पाडलेत?"

"खड्डे नाही बाई. टाकी लावली."

"पण का?"

आईला हा प्रश्नच कळला नाही. ती कधी आनंदरावांकडे, कधी माझ्याकडे बघायला लागली. मला मात्र कळलं होतं. माझं अख्खं लहानपण त्या आवाजात गेलंय. नंदनवनपासून इतवारीच्या बोळांपर्यंत आई डोक्यावर टोपलं घेऊन ओरडत फिरायची, "पाट्याले टाकी लावा वं बाई, जात्याले टाकी!" आणि मी तिचा पदर धरून मागे. कोणाच्या तरी ओट्यावर ती बैठक मारायची आणि झिजून गुळगुळीत झालेला पाटा टक-टक करत पुन्हा खरबरीत करून द्यायची. कोणी म्हटलं तर पाट्याच्या कडेला पान-फूलही कोरायची. मिक्सर आले आणि तिचा आवाज बसला. पण हातात ते राहिलंच. तिच्या लेखी गुळगुळीत दगड म्हणजे झिजलेला दगड, निकामी. नवं काम करून ते गुळगुळीत सोडायचं म्हणजे बाई काम अर्धवट टाकून उठून गेली, असं.

"चोपडा पाटा म्हंजे मेलेला पाटा, बाई," आई शेवटी म्हणाली. "त्याच्यावर मिरची बी वाटल्या जात नाही."

मॅडम हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. "इथे मिरची वाटायची नाहीये, मावशी. बाकीचे खांब बघा कसे आहेत. शनिवारी मोठे पाहुणे यायचेत, दाते यायचेत. हे सगळं घासून काढा. तुम्ही घासाईच्याच आहात ना? मग तुम्हीच करा."

आणि माझ्याकडे वळून पत्रिका घेतली. पत्रिकेवर ठळक अक्षरात होतं: 'गॉथिक वास्तुकला आणि कारागिराच्या हाताची प्रतिष्ठा'. त्यांनी 'प्रतिष्ठा' शब्द थोडा मोठा करायला सांगितला. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मी "हो मॅडम" म्हणाले. आमच्या जातीचं, म्हणजे कंत्राटी लोकांचं, तोंड असंच असतं.

संध्याकाळी घरी आई भाकरी थापत होती आणि मी भांडत होते. भांडायला समोर दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तिच्याशीच.

"तू घासणार नाहीस. मी उद्या सरांशी बोलते."

"बोलून काय करशीन? तुहं कंत्राट जूनमंदी भरते. कुठीबी जा मिनू, पळसाले पानं तीनच."

"त्या पळसाचीच तर पानं घासायला सांगून राहिले तुला! तुला काहीच वाटत नाही का वं माय?"

तिने भाकरी तव्यावर टाकली. पाण्याचा हात फिरवला. मला वाटलं, विषय संपला. पण ती बोलली.

"वाटते ना. काहून नाही वाटनार? आजपावतर माह्या हातानं जे केलं ते सारं झिजून गेलं. पाटा झिजासाठीच असते, त्याचं दुःख नाही. जितका जास्त झिजला तितकं घर खाल्लं-पेल्लं म्हनायचं. पन हे वर होतं, मिनू. याच्यावर कोनी काई वाटनार नव्हतं. हे माह्यामागं राह्यलं असतं."

एवढं बोलून तिने भाकरी उलटली. बाबा गेले तेव्हाही ती इतकं सरळ बोलली नव्हती. बाबा दगडाच्या खाणीतच झिजले, छातीत धूळ बसून गेले. त्यांनी घडवलेले दगड कुठल्या पुलाखाली, कुठल्या धक्क्याला गेले ते आम्हाला ठाऊक नाही. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. दोन्ही गिळून मी जेवले.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, जे व्हायचं ते होवो.

"सर, पळसाच्या खांबाचं काम माझ्या आईने केलंय."

"तुझी आई?" सरांनी चष्मा वर केला. "अरे वा! कमाल आहे. तू कधी बोलली नाहीस!"

"सर, ते घासून काढायला सांगितलंय. तुम्ही एकदा बघाल का? हात लावून बघा. पान खरं वाटतं, बोट ठरतं त्यावर. तुम्हीच म्हणता ना, साहेबाने मोकळीक दिली होती..."

"ते खरं गं," सर म्हणाले. "पण तो काळ वेगळा होता. आता ड्रॉइंग मंजूर झालेलं आहे. दात्यांना अहवाल जातो. तांत्रिक बाबतीत मी मॅडमना कसा सांगू?" आणि मग एकदम आठवल्यासारखं, "मिनल, पाहुण्यांच्या गुच्छाचं बघितलंस ना? ते प्लास्टिकचं वेष्टन नको. साधा, नैसर्गिक पाहिजे."

गुच्छ नैसर्गिक पाहिजे! मी हात टेकले.

शनिवारी सकाळपासून धावपळ होती. मजुरांना हिरव्या जाळीच्या मागे थांबायला सांगितलं होतं. अंगणात पाहुण्यांसाठी तर्री-पोहे होते, त्याचा वास जाळीपलीकडे जात होता, पोहे जात नव्हते. व्हरांड्यात फक्त आई होती, कारण तिचं काम उरलं होतं. आदल्या दोन दिवसांत तिने बहुतेक पानं घासली होती. दगड कडक आणि ठिपके खोल. मॅडमनी आनंदरावांना बजावलं होतं, भाषण संपून पाहुणे व्हरांड्यात येईपर्यंत खांब तयार हवा.

"वयनी, आवरा लवकर," आनंदराव तिला म्हणाले. मान वर करून बोलत नव्हते. "माह्याच्यानं नाही बोलल्या गेलं त्या बाईसंग. माफ करा."

"तुमचं काय चुकलं गा," आई म्हणाली. "तुमी त टाकी हातात देल्ली मले. इतक्या वर्सात कोनी देल्ली होती?"

सभागृहात पाहुणे बोलायला उभे राहिले. डॉ. गौरांग, निवृत्त प्राध्यापक, पांढरी दाढी, खादीचा झब्बा. खरं सांगायचं तर माणूस छान बोलत होता. मी दाराशी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होते आणि मलाही ऐकावंसं वाटत होतं.

"गॉथिक म्हणजे नुसती टोकदार कमान नव्हे," ते सांगत होते. "एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कारखान्यांचा धूर वाढला, एका साच्याच्या हजार वस्तू निघायला लागल्या, तेव्हा तिथले काही विचारवंत अस्वस्थ झाले. ते म्हणाले, माणसाकडून साच्यासारखं बिनचूक काम मागाल तर तुम्हाला गुलाम मिळेल, कारागीर मिळणार नाही. जुन्या चर्चच्या भिंतीवर कुणा गवंड्याने कोरलेलं ओबडधोबड पान का मोलाचं? कारण त्यात त्याचं मन आहे. त्याची चूकसुद्धा त्यांनी आदराने जपली."

टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत मुग्धा मॅडमनी वाजवल्या, कृष्णकांत सरांनी वाजवल्या. आणि टाळ्या थांबल्यावर उघड्या खिडकीतून आवाज आला. खर्र... खर्र... खर्र...

पाहुणे थांबले. हसून म्हणाले, "काहीतरी चाललंय वाटतं. जरा तो आवाज बंद करता येईल का?"

सरांनी माझ्याकडे बघून हात हलवला. जा, बंद कर. त्यांना ठाऊक होतं तो आवाज कसला आहे आणि कोणाचा आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात ना, तो पाषाण मी त्या दिवशी पहिल्या रांगेत बसलेला पाहिला.

मी व्हरांड्यात गेले. आई कठड्यावर पाय मुडपून बसली होती, कोपरापर्यंत दगडाचा पिवळा चिखल. एकच पान राहिलं होतं, कोपऱ्यातलं.

"थांब माय. आवाज जातो आहे आत. राहू दे ते एक पान."

"राहू कसं देऊ?" ती घासतच म्हणाली. "एक खरबड आन् बाकी चोपडे? पाहनारा म्हनीन, बाई कामचुकार होती."

"म्हणू दे! ते तरी तुझं राहील!"

"नाही वं. आता हे माहं नाही अन् ते बी नाही. जे सांगतलं ते नीट करून देते." तिने बादलीतलं पाणी ओंजळीने पानावर सोडलं. "जाय तू. पानी जास्त घेते, आवाज नाही येनार."

आणि खरंच आला नाही. तिने शेवटचं पान इतक्या हळू, इतक्या पाण्यात घासलं, की आत बसलेल्या एकाही माणसाला काही ऐकू गेलं नाही. मी परत दाराशी जाऊन उभी राहिले. आत पाहुणे कारागिराच्या स्वातंत्र्यावर बोलत होते.

भाषण संपलं. दाराशेजारची पाटी उघडायचा कार्यक्रम झाला, पडदा ओढला, हळदीकुंकू, झेंडू, फोटो. मग सगळी वरात व्हरांड्यात आली. पुढे पाहुणे, बाजूला सर आणि मॅडम, मागे आर्किटेक्चरची मुलं मोबाईल उंचावून. आई कठड्यावरून उतरून भिंतीला चिकटून उभी राहिली, एका हातात बादली, दुसऱ्यात घासायचा दगड.

पाहुण्यांनी सीताफळाच्या खांबाला हात लावला, वा वा केलं. पोपटाला चष्मा पुसून पाहिलं. मग पळसाशी आले. माथ्यावर तळवा फिरवला आणि थबकले.

"आता हा बघा," मुलांकडे वळून ते म्हणाले. "पान बरोबर आहे, पण मेलेलं आहे. हा साच्यातून काढलेला आहे, किंवा मशीनवर कापलेला. स्पर्श करून बघा, इथे माणूस नाही. मी भाषणात जे म्हणत होतो त्याचं हे उत्तम उदाहरण."

एकेक मूल पुढे आलं. हात लावला, मान डोलावली, फोटो काढला. इथे माणूस नाही! आणि माणूस तिथून तीन हातांवर बादली घेऊन उभा होता. मी मुग्धा मॅडमकडे बघितलं. आता बोलतील, आता तरी बोलतील. त्या मोबाईलमध्ये काहीतरी शोधत होत्या. कृष्णकांत सर कमानीची उंची बघत होते.

"सर, तो साच्यातला नाही," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. सगळे वळले.

"माझ्या आईने कोरलाय तो. ही बघा, ही उभी आहे. तिने प्रत्येक पानावर टाकी लावली होती, बोट ठरत होतं. या लोकांनी ते घासून काढायला लावलं, तिच्याच हातून. तुमचं भाषण चालू असताना. तुम्हाला आवाजाचा त्रास झाला ना सर? तो हाच आवाज."

"मिनल," सर दबक्या आवाजात म्हणाले, "ऑफिसमध्ये जा."

मी गेले नाही.

पाहुण्यांचा चेहरा पडला. ते वाईट नव्हते, हेच तर सगळ्यात वाईट होतं. ते पुढे आले आणि त्यांनी आईचा चिखलाने माखलेला उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मला वाटलं, आता माफी मागतील. त्यांनी तो हात उचलून मुलांना दाखवला.

"हा बघा," ते भारावून म्हणाले. "हा बघा तो हात! या बोटांकडे बघा. पिढ्यान् पिढ्यांचं ज्ञान आहे या हातात."

मोबाईल पुन्हा वर झाले. सगळ्यांनी आईच्या हाताचे फोटो काढले. एका मुलीने जवळ येऊन नखांचा काढला. आईच्या चेहऱ्याचा कोणी काढला नाही.

आईने हळूच हात सोडवून घेतला. "हात भरला आहे साहेब," ती म्हणाली. "तुमचा झब्बा खराब होईन."

"मुग्धाताई, हे परत तसंच करता येईल का हो?" पाहुण्यांनी विचारलं.

"हो, का नाही," मॅडम लगेच म्हणाल्या. "मावशी, परत टाकी लावता येईल ना?"

आईने मान हलवली. "नाही बाई. घासून घासून पानं पातळ झाली. आता टाकी लावली त फुटतीन."

"अरेरे," पाहुणे म्हणाले. आणि मग सरांनी त्यांना जेवायला चलण्याची विनंती केली, विमानाची वेळ होती.

दुपार कलल्यावर व्हरांडा रिकामा झाला. जाळीमागचे मजूर उरलेले पोहे खाऊन गेले. आनंदरावांनी आईला घरी जा म्हटलं, पण झेंडू तुडवून फरशीवर डाग पडले होते आणि धुणं तिच्याकडेच होतं. मीही फाइली टाकून तिच्यासोबत थांबले. सोमवारी सर मला केबिनमध्ये बोलावणार होते, तसा निरोप शिपायाने आधीच दिला होता.

धूत धूत आई दाराशी आली. काळ्या ग्रॅनाइटची नवी पाटी, सोनेरी अक्षरं मशीनने कापलेली. हळदीकुंकवाचे ओघळ वरून खाली आले होते.

"काय लिहून ठेवलं वं मिनू?"

मी वाचून दाखवलं. दात्यांचं नाव, मग पाहुण्यांचं, प्राचार्यांचं, सल्लागार म्हणून मुग्धा मॅडमचं. आणि सगळ्यात खाली: 'या वास्तूसाठी राबलेल्या अनामिक कारागिरांस कृतज्ञतापूर्वक अर्पण.'

"अनामिक म्हंजे?"

"ज्यांचं नाव माहीत नाही, ते."

"जुन्या लोकाइचं म्हनत असतीन. पोपटवाल्याचं, सीताफळवाल्याचं."

"नाही माय. आता काम केलं त्यांचंही. तुझंही त्यातच आलं."

आई पाटीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"पन मी त इथंच आहो ना," ती म्हणाली. "विचारलं होतं का कोनी?"

तिने फडकं बादलीत बुचकळलं, पिळलं, आणि पाटी पुसायला घेतली. वरच्या नावांपासून खालच्या ओळीपर्यंत, एकही ओघळ राहू न देता. दगड फार गुळगुळीत होता. फडकं कुठेच ठरत नव्हतं.